गिटारीची मूठ

"ही दांडी माझ्या हाताची न्हाय, तात्या."

"तुझ्याच हाताची हाय."

"माझ्या दोन्ही हातांची मिळून आसंल मग. एका हातात मावंना ही."

"नवं सागवान हाय. हात बसायला चार दिस लागतात."

"चार दिस कुठून आणू? शुक्रवारी वऱ्हाडापुढं उभं ऱ्हायचंय मला. हे मुसळ गळ्यात घालून जाऊ का?"

मुसळ म्हटल्यावर अंबादास तात्यांच्या हातातला रंधा थांबला. तेरमध्ये त्यांच्या छपरात उभं राहून त्यांच्या सुतारकामाला नावं ठेवणारा माणूस आजवर निपजला नव्हता. आता निपजला तो कोण, तर धाराशिवच्या बँडमध्ये गिटार वाजवणारा गावचाच वीरभद्र. त्याला लहानपणी पांगुळगाडा तात्यांनीच करून दिला होता.

"पांगुळगाड्याची दांडी बी जाड हाय म्हणून रडला होतास तू," तात्या म्हणाले. "अन् दुसऱ्या दिवशी त्योच घेऊन गल्लीभर पळत सुटलास."

महाराष्ट्र राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. तुळशीची लग्नं उरकली होती, रानात शाळू गुडघ्याएवढा झाला होता आणि बँडवाल्यांना जेवायला सवड नव्हती. धाराशिवच्या श्रीमंत मास्तरांनी त्याच वर्षी आपल्या बँडमध्ये विजेवर वाजणारी गिटार आणली होती. हैदराबादच्या कुठल्याशा हॉटेलात वाजवणाऱ्या माणसाकडून ती त्यांनी घेतली. रंग लाल, टांग्याच्या चाकाला देतात तसला. नुसती वाजवली तर काड्यापेटीत कोंडलेल्या माशीएवढा आवाज यायचा. पण वायर भोंग्याला जोडली आणि भोंग्याची बॅटरी हातगाडीवर ठेवली, की नवरदेवाची घोडी दोन पायांवर उभी राहायची.

त्याआधी वीरभद्र मँडोलिन वाजवायचा. तिची पाठ गोल. पोटावर ती मांजरासारखी बसायची, आणि दांडी अशी बारीक की चार बोटांत सहज फिरावी. गिटार हाती आली तेव्हा त्याला वाटलं होतं, तारा त्या तारा, दोन कमी झाल्या एवढंच. प्रत्यक्षात ती गळ्यात पाट बांधल्यासारखी लागली. पाठ सपाट, वर दोन शिंगं, त्यातलं एक थेट बरगडीत घुसायचं. बसून वाजवली तर मांडीवरून घसरायची. उभ्यानं वाजवली तर डोकं खाली घालून दांडी जमिनीकडे निघायची, रुसलेल्या नवरीसारखी. दोन महिने त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता. न्हावी दाढी करताना त्याला म्हणायचा, सरळ बस, नाहीतर एकच कल्ला निघेल.

कसाबसा अंगाला पाट आणि हाताला दांडी सरावली, तोच सोनारीच्या सुपारीला जाताना एसटीच्या टपावर मोठा ढोल गिटारीवर पडला. दांडी मधोमध गेली. पाट शाबूत, पडदे बसवलेली वरची पट्टी शाबूत, मोडला तो पाठचा लाकडी भाग. म्हणजे मूठ जिथं बसते नेमकं तेच. श्रीमंत मास्तर म्हणाले, हैदराबादेला पाठवली तर शिमग्याला येईल. तेव्हा वीरभद्रच म्हणाला होता, आमच्या गावचे तात्या भजनी मंडळाच्या वीणा करतात, त्यांच्याकडं देऊ.

तात्यांनी पहिल्यांदा गिटार हातात घेतली तेव्हा उलटीसुलटी करून, वाजवून, कान लावून पाहिली होती. वीणेला भोपळा असतो, ह्याचं पोट कुठाय, असं त्यांनी विचारलं. ह्याला पोट नसतं, हे विजेवर बोलतं, असं वीरभद्रानं सांगितलं.

"पोटात काय न्हाय अन् आवाज एवढा," तात्या म्हणाले. "मेंबरकीला उभं करा ह्याला."

पण काम घेतलं ते मन लावून. तात्यांची रीत गावाला ठाऊक होती. कुऱ्हाड असो, खुरपं असो, कुदळ असो, ज्याचं अवजार त्यानं आधी छपरात येऊन मूठ द्यायची. तात्यांनी तेरणेच्या काठची चिकणमाती मळून ठेवलेली असायची. तिचा लांबट गोळा हातात घ्यायचा, काम करताना धरतो तसा आवळायचा आणि सोडायचा. बोटांचे खळगे, अंगठ्याचा दाब, सगळं त्यात उमटायचं. गोळा फळीवर वाळायचा आणि त्याच्याकडे बघत तात्या दांडा तासायचे. तात्यांना लिहिता येत नव्हतं. कुणाचा गोळा कुठला हे कळावं म्हणून ते त्यात एकेक दाणा खुपसायचे. कुणाला तूर, कुणाला हरभरा, कुणाला करडी. तीस वर्षांत त्यांचा एकही दांडा परत आला नव्हता. हे गाव सांगायचं. गाव सांगायला विसरलं तर तात्या सांगायचे.

वीरभद्रानंही मूठ दिली होती. उजवी द्यायला निघाला तेव्हा तात्यांनीच डावी मागितली, कारण दांडीवर डावा हात असतो हे त्यांनी वीणेवरून ताडलं होतं. एवढी काळजी घेऊन केलेली दांडी, आणि हा पोरगा तिला मुसळ म्हणत होता.

"हे बघा," वीरभद्रानं पंजा दांडीभोवती घातला. "अंगठा इकडं, बोटं तिकडं. वरची जाड तार माझ्या बोटांपासून येवढी लांब ऱ्हाती. तिला काय चिठ्ठी पाठवू?"

"बोटं ताण."

"ताणली. पेटके आले. श्रीमंत मास्तर म्हणले, शुक्रवारी आण्णासाहेबांच्या पोरीच्या लग्नात गिटार वाजली न्हाय तर तू परत झांजा वाजव. मँडोलिन बी दुसऱ्याला दिलीया त्यांनी. तात्या, म्या चार वर्षं झांजा वाजवल्यात. परत न्हाय वाजवायचा. जरा रंधा फिरवा, दोन सूत काढा."

तात्यांनी रंधा उचलला आणि बाजूला पडलेल्या जुवावर फिरवायला लागले. दोन सूत काढायचं म्हणजे दांडा परत आला असं झालं असतं.

"नवी व्हाण चावती," ते म्हणाले. "म्हणून कुणी पाय तासून घेतो का? सकाळी उठल्यापासून ही हातात धर. जेवताना बी सोडू नको. आडावर जाऊन चार पव्हरे पाणी वढ रोज. हात बसतो का न्हाय बघ."

वीरभद्र तोंड पाडून निघाला. तात्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी, त्याला दारात अडवलं आणि वाकळेचा एक तुकडा हातावर ठेवला. चौकोनी, दुमडून शिवलेला. बरगडीपाशी बांध, म्हणाल्या, ते शिंग तरी टोचायचं न्हाय.

मंगळवारी सकाळी अयोध्याबाई आली. तेरणेकाठच्या रानात हिचा संसार. अंगानं अशी की छपरात शिरताना तिला वाकावं लागायचं. नवऱ्याला ताप होता तेव्हा एकदा तिनंच औत धरलं होतं आणि बैल संध्याकाळी लवकर झोपले होते. तिनं खुरपं तात्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"तात्या, हे तुम्ही माझ्यासाठी केलं?"

"तुझ्याचसाठी."

"ह्यानं तण काढू का सही करू? पेनावानी हाय. धरलं की बोटं फिरून परत तळहातात घुसतात. काल तीन डाव निसटून शाळवात पडलं. हुडकायला माणूस लावावा लागला."

तात्यांनी तोंड उघडलं. हात बसायला चार दिवस लागतात, हे वाक्य त्यांच्या ओठावर आलं होतं. पण अयोध्याबाईनं पंजा पसरून लाकडावर ठेवला होता. तो पंजा तात्यांनी बघितला. मग फळीकडे बघितलं. मग बराच वेळ कुठंच बघितलं नाही.

कमलबाई आतून आल्या. त्या आवाज न चढवता बोलायच्या, त्यामुळे तात्यांना त्यांची जास्त भीती वाटायची.

"करडीचा दाणा कोंबडीनं खाल्ला," त्या म्हणाल्या. "तुरीचा बी खाल्ला. म्या तव्हाच म्हणले, दोघांना बोलवा अन् परत मूठ घ्या. तर तुम्ही म्हणला, मोठी ती गड्याची, बारकी ती बाईची, ह्यात इचारायचं काय."

अयोध्याबाईला ह्यातलं निम्मंच कळलं. कोणत्या गड्याची म्हणून तिनं विचारलं. तात्यांनी तिला बस म्हटलं, पाणी दिलं, आणि ती पाणी पिऊन होईतो बाभळीचा तुकडा तासायला घेतला. दुपारच्या आत तिचं खुरपं तयार झालं. तिनं धरून बघितलं, मान हलवली आणि निघून गेली. जुनी बारीक मूठ तात्यांनी फळीवर मागं सरकवून ठेवली, जशी आईच्या नजरेआड वाईट वस्तू ठेवावी तशी.

आता वीरभद्राला बोलवायचं, तासाभराचं काम, असं कमलबाईंनी सांगितलं. तात्यांनाही पटलं. त्यांनी कानस आणि पटाशी उपरण्यात गुंडाळली आणि निघाले. वीरभद्र मारुतीच्या पारावर बसला होता. गिटार गळ्यात, वाकळेचा तुकडा बरगडीशी, डाव्या तळहाताला फडकं. भोवती सात-आठ माणसं. त्याला विचारत होती, हे काय चाललंय.

"तात्या म्हणले हात बसंल," तो सांगत होता. "म्हणून बसवतोय."

"मग बसंल," एक म्हातारा म्हणाला. "तात्यांचा दांडा कधी परत गेला न्हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांना तात्या दिसले. कुणीतरी सरकून जागा केली. तात्यांनी उपरणं काखेत घट्ट धरलं. आत पटाशी त्यांना टोचत होती. काय ठीक चाललंय ना, असं काहीतरी त्यांनी विचारलं, मारुतीला हात जोडले आणि घरी आले. कमलबाईंनी उपरण्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. तात्यांना ते विचारण्याहून वाईट वाटलं.

पुढचे दोन दिवस तात्या पारावरून गेले नाहीत. तळ्याकडून लांबचा वळसा घालून जायचे. पण बातम्या यायच्या. वीरभद्र आडावर पाणी ओढतोय. वीरभद्र गिटार गळ्यात घालून जेवतोय आणि त्याच्या आईनं त्याला वेगळं ताट वाढलंय, कारण भाकरीचा तुकडा मोडला की पाट कालवणात बुडतो. वीरभद्र झोपेत डावी मूठ उघडझाप करतो आणि बायको माहेरी जायचं म्हणते. गुरुवारी बातमी आली की वरच्या जाड तारेला बोटं पोचत नाहीत म्हणून तो आता ती अंगठ्यानं दाबतो. मागून वळसा घालून, वरून. असं कुणी वाजवतं का, हे तेरमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे त्याला कुणी हटकलं नाही.

शुक्रवारी तात्या धाराशिवला गेले. बिजागऱ्या आणायच्यात म्हणून सांगून गेले. बिजागऱ्यांच्या दुकानाची वाट आण्णासाहेबांच्या मांडवावरून जात नव्हती, पण तात्या त्या वाटेनं गेले आणि कमानीच्या खांबाआड उभे राहिले. नवरदेव घोड्यावर, पुढं बँड, बँडच्या पुढं हातगाडीवर भोंगा, आणि भोंग्याशेजारी वीरभद्र. गिटार सरळ उभी होती. दांडी खाली झुकत नव्हती, कारण डाव्या हाताचा अंगठा वरून तिला पकडून होता. खालच्या तारांवर गाणं चाललं होतं आणि अंगठा वर जाड तारेवर आपला वेगळाच ठेका धरत होता. एक माणूस दोघांचं काम करत होता. तात्यांना गाण्यातलं फार कळत नव्हतं, पण हात त्यांना कळायचा. तो हात त्या दांडीवर घरच्यासारखा फिरत होता.

आण्णासाहेबांनी एकच गाणं तीनदा वाजवायला लावलं. चौथ्यांदा म्हणाले तेव्हा भटजी मुहूर्त मुहूर्त म्हणत पुढं आले. श्रीमंत मास्तर लोकांना सांगत होते, ही हैदराबादची पद्धत आहे. वीरभद्राची नजर खांबाआड गेली. त्यानं वाजवता वाजवताच मानेनं नमस्कार केला.

दुसरं कुणी असतं तर छाती फुगवून गावात आलं असतं. तात्या परतीच्या एसटीत अगदी मागच्या बाकावर जाऊन बसले. बिजागऱ्या आणायच्या राहून गेल्या. घरी आल्यावर त्यांनी सगळं कमलबाईंना सांगितलं, अंगठ्याचं, तीनदा वाजवल्याचं, नमस्काराचं.

"मग झालं की," कमलबाई म्हणाल्या. "मिटलं."

"कसं मिटलं? ती अयोध्येची मूठ हाय. पोरगं जलमभर दुसऱ्याची मूठ धरून वाजवणार. माझ्याकडून."

"त्याला बसलीया ना? मग कशाला हात लावता?"

"माझ्या हातचं हाय. ज्याचं त्याला बसलं पायजे."

कमलबाई डाळ भरडत होत्या. जातं थांबवून त्यांनी खुंट्यावरचा हात उचलला.

"हा खुंटा तुम्ही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी करून दिला. माझी मूठ घेऊन. ध्यानात हाय?"

तात्यांच्या कसं ध्यानात नसणार. ती त्यांची पहिली मूठ होती.

"पहिल्या दिवसापासून जाड हाय ह्यो," कमलबाई म्हणाल्या. "मूठ देताना म्या लाजून नीट धरलंच नव्हतं. तीस वर्षं दळतीया. कधी बोलले?"

आणि त्यांनी जातं पुन्हा चालू केलं.

ह्याचा परिणाम कमलबाईंना हवा होता त्याच्या नेमका उलटा झाला. तीस वर्षांत एकही दांडा परत आला नव्हता, हे खरं होतं. पण न आलेल्यांतले किती गप्प बसून राहिले असतील, हा हिशेब तात्यांनी कधी मांडला नव्हता. रविवारी वीरभद्र गिटारीची एक ढिली खुंटी दाखवायला आला आणि उद्या नेतो म्हणून ठेवून गेला. तो वळताच तात्यांनी तारा उतरवल्या. फळीवरून ती बारीक मूठ काढली, शेजारी ठेवली आणि कानस हातात घेतली. दांडी त्यांनी दोन सूत नाही, चांगली चार सूत उतरवली, काचकागद मारला, रोगण दिलं. त्या मुठीवर डोळे मिटून हात फिरवायचा, मग दांडीवर फिरवायचा, असं करत राहिले, दोन्ही एक वाटेपर्यंत. तारा परत चढवल्या, ढिली खुंटी घट्ट करायला मात्र विसरले.

सोमवारी वीरभद्र आला तो खुशीत. येताना कमलबाईंना लग्नातले बुंदीचे लाडू आणले होते. पुढच्या चार सुपाऱ्या पक्क्या झाल्या, उद्या अणदूरला खंडोबाच्या देवळापुढची वरात, मास्तरांनी आपलं नाव फलकावर लिहायचं ठरवलंय, असं सगळं सांगत त्यानं गिटार गळ्यात घातली. वाकळेचा तुकडा बरगडीशी सरकवला. डावा हात दांडीवर गेला.

मग बोलणं थांबलं. त्यानं हात काढला, दांडीकडे बघितलं, परत घातला. अंगठा सवयीनं मागून वळून वर आला आणि जाड तार ओलांडून पुढच्या तारेवर जाऊन पडला.

"तात्या, ही कुणाची गिटार हाय?"

"तुझीच."

"माझी भरलेली हाय. ही हाताला लागतच न्हाय. हवेत धरल्यावानी वाटतंय."

"आता ती तुझ्या हाताची झाली," तात्या म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

"त्या दिवशी बी तुम्ही हेच म्हणला होता."

कमलबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. वीरभद्रानं खाली बघितलं. रंध्याखाली सागवानाचा भुसा होता, रोगणाचा वास येत होता, आणि भुशात ती खुरप्याची बारीक मूठ पडली होती. त्यानं ती उचलली. डाव्या हातात धरली. बोटं बरोबर खळग्यात बसली, अंगठा बरोबर जागी. त्यानं एकदा मुठीकडे बघितलं, एकदा दांडीकडे, मग कमलबाईंकडे. कमलबाईंनी कोंबडीकडे बघितलं. ती छपराच्या कडेला काहीतरी टिपत होती.

वीरभद्र हळूहळू खाली बसला. गिटार मांडीवरून घसरली, ती त्यानं सावरली.

"म्हणजे पहिली माझी नव्हती," तो म्हणाला. "अन् ही माझी हाय."

तात्या रोगणाच्या डब्याला झाकण लावत राहिले.

"पण पहिलीलाच बसला माझा हात. आड उपसला, बायको माहेरी चालली होती, तवा कुठं अंगठा वर आला. लोकं अंगठाच बघाया येतात आता. उद्या अणदूरला काय दाखवू त्यान्ला?"

तात्यांनी पटाशी पुसली. फळीवर ठेवली. परत उचलून पुसली.

"मी भांडत न्हाय, तात्या," वीरभद्र म्हणाला, आणि खरोखरच त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. "मला येवढंच सांगा. तुमची चूक तवा झाली का आता?"

तात्या उठले. उपरणं खांद्यावर टाकलं, पायात व्हाणा सरकवल्या. कोपऱ्यातलं चिकणमाती आणायचं रिकामं घमेलं उचलून काखेला लावलं, दाराशी कमलबाई बाजूला झाल्या त्यांच्याजवळून वाकून बाहेर पडले, आणि मागं न बघता तेरणेच्या वाटेला लागले.